भेकराची सहा गुणसूत्रे आणि खानापूरहून आलेले चार प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका गावातून रोज बसने बेळगावला येऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला चार प्रश्न विचारले आहेत. प्राण्यांची उत्क्रांती आणि त्यांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएतील सगळा मजकूर, यांचा अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ प्रत्यक्षात दिवसभर काय करतात? दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि पीयूसीनंतर (म्हणजे अकरावी-बारावीनंतर) गणित सुटले, तरी हे जमेल का? यात पोट भरते का, आणि किती वर्षांनी? वडिलांचे म्हणणे आहे की बी.एड. करून हायस्कुलात लागावे; त्यांना काय सांगावे?

मी निपाणीजवळच्या एका खेड्यात, घरच्या दोन पंढरपुरी म्हशींच्या धारा काढत वाढले, मराठी शाळेत शिकले आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे खुरी सस्तन प्राण्यांच्या गुणसूत्रांवर आणि जीनोमवर काम करते आहे. उत्तर लांबणार आहे, कारण हे प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखे नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच जंगलातील एका प्राण्यापासून सुरू करते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तिन्हीसांजेला कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर तुम्ही ऐकले असेलच. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, गाईच्या ६०, आपल्याकडच्या नदीकाठच्या जातकुळीतील म्हशीच्या ५०, गव्याच्या ५८. भेकराच्या मादीत मात्र फक्त ६ आणि नरात ७ गुणसूत्रे असतात. ज्ञात सस्तन प्राण्यांत ही सर्वांत कमी संख्या आहे आणि ती १९७० साली जगासमोर आली. नरात एक जास्त का, याचे उत्तर असे की भेकरात एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला कायमचे जोडले गेले आहे. मादीकडे अशी जोडलेली दोन गुणसूत्रे असतात. नराकडे जोडलेले एक, न जोडलेले साधे एक आणि वाय एक, म्हणून संख्या एकाने वाढते. आता खरी गंमत पाहा. चीनमध्ये राहणारा भेकराचा जवळचा नातेवाईक दिसायला बराचसा सारखा, पण त्याची गुणसूत्रे ४६. दोघांच्या डीएनएच्या एकूण प्रमाणात मात्र इतका मोठा फरक नाही. म्हणजे गुणसूत्रेच्या गुणसूत्रे हरवली नाहीत; जुनी गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेली, जशी सुटी पाने एकाच वहीत बांधली जावीत. २०२० साली या दोन्ही प्राण्यांचे पूर्ण गुणसूत्रांच्या पातळीवर जुळवलेले जीनोम प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की सुमारे पन्नास लाख वर्षांच्या काळात इतकी जोडकामे होऊनही त्या पानांवरील मजकूर, म्हणजे जनुकांचा क्रम, फारसा विस्कटलेला नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम निवडले, कारण आमच्या कामाचे सगळे स्वरूप त्यात आहे. एखादा प्राणी पाहायचा, त्याच्या नातेवाइकांशी त्याची तुलना करायची, दोघांत फरक कुठे आहे ते जीनोममध्ये शोधायचे, आणि मग तो फरक कधी, कोणत्या क्रमाने आणि कशामुळे पडला असेल याचा हिशेब मांडायचा. आणि हे फक्त हरणांपुरते नाही. प्राण्यांच्या सगळ्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी सर्वांत आधी कोण वेगळे झाले, स्पंज की समुद्रात तरंगणारे कंकतधारी प्राणी, हा वाद कितीतरी वर्षे चालू आहे. २०२३ साली एका गटाने त्यावर याच रीतीने विचार केला. दोन गुणसूत्रे जोडली गेली आणि त्यांवरील जनुके एकमेकांत मिसळून गेली, तर तांदळात मिसळलेले मीठ जसे पुन्हा वेचून वेगळे करता येत नाही, तसे ती जनुके पुन्हा पहिल्यासारखी वेगळी होण्याची शक्यता जवळजवळ नसते. अशा काही मिसळणी स्पंज आणि बाकीच्या प्राण्यांत सामाईक सापडल्या, पण कंकतधारींमध्ये आणि प्राण्यांच्या एकपेशीय नातेवाइकांमध्ये त्या नव्हत्या. त्यावरून कंकतधारी आधी वेगळे झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण खानापूरच्या भेकरावर विचार करायला शिकलेली व्यक्ती हा वाद वाचून समजू शकते, हे मला महत्त्वाचे वाटते.

दिवसभराच्या कामाबद्दल स्पष्टच सांगते. वर्षातील फार तर दीड-दोन महिने जंगलात, गोठ्यांत किंवा संग्रहालयांत जातात. तीन-चार महिने प्रयोगशाळेत जातात. उरलेला सगळा वेळ संगणकासमोर, वाचनात आणि लेखनात जातो. जंगलात फिरायला मिळेल एवढ्याच ओढीने या विषयात आलेली मुले पहिल्याच वर्षी हिरमुसतात, तेव्हा ही वाटणी आधीच माहीत असलेली बरी.

प्रयोगशाळेतील एक आठवण सांगते, कारण माझ्या बाबतीत सगळे तिथून सुरू झाले. एम.एस्सी.ला असताना मी एका खिलार बैलाचे आणि एका संकरित वळूचे रक्त घेऊन गुणसूत्रांच्या स्लाइड केल्या होत्या. रक्तातील पांढऱ्या पेशी तीन दिवस उबदार माध्यमात वाढवायच्या, विभाजन ऐन मध्यावर असताना ते कोल्चिसीनने थांबवायचे, मग पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवायच्या, मेथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात टिकवायच्या आणि ड्रॉपरमधून एकेक थेंब हातभर उंचीवरून थंड, ओल्या काचेवर सोडायचा. थेंब आपटला की पेशी फुटतात आणि गुणसूत्रे पसरतात. माझ्या पहिल्या चाळीस स्लाइडवर काहीही दिसले नाही. थेंब फार खालून पडत होता. एकेचाळिसाव्या स्लाइडवर निळसर रंगात तांदळाच्या कण्या सांडाव्यात तशी साठ गुणसूत्रे दिसली. गाईबैलांत एक्स आणि वाय सोडून बाकी सगळ्या गुणसूत्रांचा जोडबिंदू, म्हणजे गुणसूत्राच्या दोन भुजा जिथे मिळतात ती जागा, टोकाला असतो. खिलारासारख्या वशिंडाच्या गुरांत वायचाही जोडबिंदू टोकालाच असल्यामुळे ते लहान गुणसूत्रांच्या गर्दीत लपते आणि शोधायला वेळ लागतो. होल्स्टीनसारख्या विलायती गुरांत मात्र वायला दोन्ही बाजूंना भुजा असतात, त्यामुळे ते चटकन नजरेत भरते. त्या संकरित वळूचा बाप विलायती होता, हे त्याच्या मालकाने मला सांगितले नव्हते. ते मला स्लाइडने सांगितले. वशिंडाची आणि बिनवशिंडाची गुरे लाखो वर्षांपूर्वी एकमेकांपासून वेगळी झाली आणि माणसाने ती वेगवेगळ्या ठिकाणी माणसाळवली; वशिंडाची गुरे सिंधूच्या परिसरात, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी. उसाच्या गाडीला जुंपलेल्या बैलाच्या पेशीत तो इतिहास काचेवर दिसतो, हे कळल्यावर मी दुसरे काही करण्याचा विचार सोडून दिला.

आज या कामाची साधने बदलली आहेत. डीएनएचे लांबच लांब तुकडे एका दमात वाचणारी यंत्रे आली आहेत आणि खर्चही खूप उतरला आहे. माणसाचा पहिला जीनोम वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षे लागली. आता तेवढाच मजकूर काही दिवसांत वाचून होतो. पण लांब तुकडे वाचायचे तर डीएनएही लांब, न तुटलेला हवा, आणि त्यासाठी ऊती ताजी असतानाच उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवावी लागते. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचा जो धूर ओकणारा कॅन तुम्ही पाहिला असेल, त्यात हाच नायट्रोजन असतो. एखादा गवा रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेला, तर वनखात्याच्या परवानगीने आणि पशुवैद्यकांच्या मदतीने पहिल्या काही तासांत नमुना गोठवता आला, तरच त्यापासून चांगला जीनोम मिळतो. उशीर झाला, तर नुसते तुकडे हाती येतात.

नमुने कसे वाया जातात, हेही मी भोगले आहे. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, आमच्याकडचा उणे ८० अंशांचा फ्रीझर सुट्टीच्या दोन दिवसांत बंद पडला. वीज गेली आणि जनरेटर आपोआप सुरू झाला नाही. सोमवारी सकाळी दार उघडले तेव्हा खाली पाणी साचले होते आणि दोन वर्षांत गोळा केलेल्या ऊतींपैकी निम्म्याहून अधिक वाया गेल्या होत्या. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक नमुन्याचा एक भाग शुद्ध अल्कोहोलमध्ये, दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या कपाटात असतो आणि त्याची नोंद कागदी वहीत असते. माझ्या विद्यार्थ्यांना हा नियम जाचक वाटतो. मी तो सैल करत नाही.

याहून मोठा धोका असतो तो चुकीच्या निष्कर्षाचा. २०१५ साली टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याच्या जीनोमबद्दल एक शोधनिबंध आला की त्याची सुमारे एकषष्ठांश जनुके जीवाणू आणि इतर परक्या सजीवांकडून आलेली आहेत. बातमी जगभर गाजली. काही दिवसांतच दुसऱ्या एका गटाने त्याच जातीचा स्वतंत्रपणे वाचलेला जीनोम पुढे ठेवला आणि दाखवून दिले की त्यातील बहुतेक परकी जनुके म्हणजे नमुन्यासोबत आलेल्या जीवाणूंचे प्रदूषण होते. पहिल्या गटाने खोटेपणा केला नव्हता. त्यांनी प्राण्याबरोबर काय काय गाळात आले, याची पुरेशी झाडाझडती घेतली नव्हती. म्हणूनच मी म्हणते की जीनोमचा अभ्यास करणाऱ्याला आधी प्राणी माहीत हवा: तो कुठे राहतो, काय खातो, त्याच्या आतड्यात आणि कातडीवर कोण राहते. ज्याला हे माहीत नाही, त्याच्या हातात डीएनएच्या अक्षरांची फाइल येते आणि तिच्यातील कोणते अक्षर प्राण्याचे व कोणते परक्याचे, हे त्याला ओळखता येत नाही.

या दृष्टीने तुमचा तालुका म्हणजे घरबसल्या मिळालेली शिदोरी आहे. भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांमध्ये राहणारे रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ शास्त्राला १९१३ साली ज्ञात झाले आणि नंतर कितीतरी दशके जगात त्याचे तेवढेच एक ठिकाण माहीत होते. चोर्ला गावातून २००७ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदवली गेली. पाय नसलेला, मातीखाली राहणारा हा उभयचर पावसाळ्यात शेताच्या बांधावर दिसला, तर बहुतेक लोक त्याला गांडूळ किंवा दुतोंड्या साप समजून सोडून देतात किंवा मारतात. गळ्याला निळा-केशरी पंखा असणाऱ्या सरड्यांसाठी २०१६ साली जी नवी प्रजाती (जीनस) स्थापन झाली, तिचे शास्त्रीय नावच ‘सरडा’ ठेवले गेले, आपला मराठी शब्द. दांडेली-जोयड्याच्या जंगलातील काळा बिबट्या ही वेगळी जात नाही. एका जनुकातील बदल आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्ही बाजूंनी आला, तरच पिल्लू काळे होते, म्हणून एकाच विणीत काळे आणि ठिपक्यांचे अशी दोन्ही पिल्ले असू शकतात. हे सगळे तुमच्या घरापासून काही तासांच्या अंतरात आहे. मोठ्या शहरातील मुलाला इथवर पोहोचायला अनुदान लागते.

आता गणिताचा प्रश्न. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. गणित आणि संगणक यांच्याशिवाय या विषयात आज पुढे जाता येत नाही. मात्र लागणारे गणित ठरावीक आहे: संभाव्यता, संख्याशास्त्र, थोडे कलनशास्त्र आणि आव्यूहांची (मॅट्रिक्सची) तोंडओळख. दोन जातींच्या डीएनएत हजारात चाळीस फरक आहेत एवढे मोजून भागत नाही. त्यातील काही ठिकाणी एकदा बदललेले अक्षर पुन्हा बदलले असेल आणि तो बदल आपल्याला दिसणारच नाही, तो संभाव्यतेने भरून काढावा लागतो. पीयूसीचे गणिताचे पुस्तक पुन्हा काढा आणि रोज एक तास द्या. एका वर्षात तुमची गाडी रुळावर येईल. त्याच्या जोडीला लिनक्सच्या आज्ञा आणि ‘आर’ किंवा ‘पायथन’ यांपैकी संगणकाची एक भाषा शिका. दोन्ही फुकट आहेत आणि जुन्या लॅपटॉपवर चालतात. मी पंचेचाळिशीला पायथन शिकले, तुम्हाला ते विसाव्या वर्षी जास्त सोपे जाईल.

केवळ पुस्तके वाचून हे अंगवळणी पडणार नाही, म्हणून एक काम देते. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेचा जीनबँक नावाचा संग्रह सर्वांना खुला आहे. त्यातून गाय, गवा, म्हैस, चितळ, सांबर, भेकर आणि रानडुक्कर या सात प्राण्यांच्या सायटोक्रोम-बी या जनुकाचा अनुक्रम, म्हणजे त्यातील डीएनएच्या अक्षरांची ओळ, उतरवून घ्या. सस्तन प्राण्यांत हे जनुक सुमारे १,१४० अक्षरांचे असते. पहिली शंभर अक्षरे कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक जोडीतील फरक हाताने मोजा. कंटाळा येईल, पण हे टाळू नका. मग सातही अनुक्रम ‘मेगा’ या मोफत प्रणालीत घालून वंशवृक्ष काढा आणि रानडुकराला बाहेरचा, म्हणजे तुलनेसाठीचा दूरचा नातेवाईक, धरा. आपल्या गावांत गव्याला गवारेडा म्हणतात, म्हणजे भाषेने त्याला म्हशीच्या गोठ्यात बांधले आहे. झाडावर तो गाईजवळ बसतो की म्हशीजवळ, ते स्वतः पाहा. त्यानंतर एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा. हे जनुक मायटोकाँड्रियातले आहे आणि ते फक्त आईकडून येते; आफ्रिकेतील वशिंडाच्या अनेक गुरांत वशिंड आणि बराचसा जीनोम आशियाई वळूंकडून आलेला, तर मायटोकाँड्रिया मात्र तिथल्या बिनवशिंडाच्या गाईंचे आहेत. तेव्हा एका जनुकाचे झाड आणि प्राण्याचे झाड एकच असते का? या प्रश्नावर माणसे पीएच.डी. करतात.

मराठी माध्यमाची काळजी करू नका, पण इंग्रजीची मेहनत टाळूही नका. शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे आणि लिहावे लागतात. मी पहिल्या वर्षी रोज एक परिच्छेद वहीत उतरवून त्याखाली तो मराठीत मांडत असे; अर्थ मराठीत मांडता आला नाही, तर मला तो समजला नाही, हे मी नक्की समजत असे. ही कसोटी आजही वापरते. कन्नडही चांगले बोलायला शिका. वनरक्षकाशी, गुराख्याशी, धनगरवाड्यावरील म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता आले की जी माहिती मिळते, ती कोणत्याही संग्रहात नसते. शिवाय राज्यातील नोकऱ्यांसाठी ती भाषा लागतेच. मराठी, कन्नड, इंग्रजी आणि थोडी कोकणी, या चार भाषांत वावरणारी मुले आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. क्षेत्रकामात याचा किती उपयोग होतो, हे बाहेर गेल्यावर कळते.

मार्ग आणि वर्षे यांचा हिशेब असा आहे. बी.एस्सी.नंतर दोन वर्षांची एम.एस्सी.; त्यासाठी आपल्या भागातील बरीच मुले धारवाडला कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात, आणि दोन्ही चांगले पर्याय आहेत. दुसरा मार्ग म्हणजे आय.आय.टी.ची ‘जॅम’ परीक्षा देऊन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी थेट एकात्मिक पीएच.डी.ला प्रवेश घेणे. एम.एस्सी. करताना सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. जीवशास्त्राची ही परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते. गेट परीक्षेत ‘ईकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ असा स्वतंत्र पेपर आहे, तो तुमच्या आवडीशी नेमका जुळतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे धरा. उत्क्रांती आणि जीनोम यांवर काम करणारे गट हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्राच्या केंद्रात, बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या केंद्रात आणि भारतीय विज्ञान संस्थेत, पुणे, भोपाळ आणि तिरुपती येथील आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांत आहेत. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक पाहून निवड करा: त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा, त्यांना किती वर्षे लागली आणि आता ते काय करतात, हे विचारा. हे विचारण्यात संकोच बाळगणारी मुले नंतर पस्तावलेली मी पाहिली आहेत.

त्याआधी एक गोष्ट मात्र चुकवू नका. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत राहून काम करायला मिळते आणि खर्चही मिळतो. साधारण हिवाळ्याच्या तोंडाला अर्ज निघतात. या दोन महिन्यांत तुम्हाला हे काम मानवते की नाही, ते कळेल. नाही मानवले, तर तेही आयुष्याची पाच वर्षे खर्च न करता कळेल.

पैशाबद्दल. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ च्या जानेवारीपासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. यात एकट्या माणसाचे नीट भागते आणि घरी थोडे पाठवता येते. पण ही रक्कम वेळेवर येईलच असे धरू नका, तीन-चार महिन्यांची तुंबलेली शिष्यवृत्ती मी स्वतः अनुभवली आहे, त्यासाठी हाताशी थोडे ठेवा. पीएच.डी.नंतर दोन ते चार वर्षे पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीचे संशोधनाचे काम, बहुधा दुसऱ्या शहरात किंवा परदेशात. म्हणजे कायमची जागा तिशी ओलांडल्यावर, अनेकदा पस्तिशीच्या आसपास मिळते. घरची जबाबदारी लवकर अंगावर येणार असेल, विशेषतः मुलीच्या बाबतीत लग्नाचा विषय मध्येच निघणार असेल, तर हा आकडा घरात आधी मोकळेपणाने बोलून ठेवावा. माझ्या घरी तो उशिरा बोलला गेला आणि त्याचा त्रास सगळ्यांनाच झाला.

संशोधन संस्थांतील प्राध्यापकपद हा एकच शेवट नाही, आणि सगळ्यांना ते मिळतही नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभाग १९१६ पासून देशाच्या प्राण्यांची नोंद ठेवतो आणि त्याचे एक केंद्र पुण्यात आहे. पशुधनाच्या जातींसाठी कर्नालची, माशांसाठी लखनौची आणि शेतीशी निगडित कीटकांसाठी बेंगळुरूची राष्ट्रीय संस्था आहे. खिलार, पंढरपुरी अशा आपल्याकडच्या जातींवर काम करायचे असेल, तर कर्नालकडे लक्ष ठेवा. शिकारीचा गुन्हा सिद्ध करण्यासाठी मांस किंवा कातडे कोणत्या प्राण्याचे, हे डीएनएवरून ठरवण्याचे काम डेहराडूनची वन्यजीव संस्था आणि हैदराबादची सीसीएमबी करतात. बेंगळुरू आणि हैदराबाद येथील कंपन्या जीनोमचे विश्लेषण करणारी माणसे घेतात, आणि भेकरावर शिकलेली पद्धत रुग्णाच्या जीनोमवरही चालते. माझे दोन विद्यार्थी तिथे आहेत आणि माझ्याहून चांगले कमावतात. महाविद्यालयात कायमस्वरूपी सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होते; पण अशा जागा क्वचित भरल्या जातात आणि कितीतरी गुणी माणसे वर्षानुवर्षे अतिथी प्राध्यापक म्हणून तुटपुंज्या मानधनावर शिकवत आहेत, हे डोळ्यांआड करून चालणार नाही.

म्हणून वडिलांचे म्हणणे मी चुकीचे मानत नाही. त्यांनी शिक्षकाला दरमहा पगार येताना पाहिला आहे आणि शेतात तो येत नाही, हेही पाहिले आहे. त्यांच्याशी वाद घालू नका; त्यांना सांगा की एम.एस्सी. केल्याने बी.एड.चे दार बंद होत नाही, आणि नेट ही एकच परीक्षा संशोधनाची शिष्यवृत्ती व महाविद्यालयात शिकवण्याची पात्रता अशा दोन्ही गोष्टी देऊ शकते. एम.एस्सी. संपल्यावर एक वर्षाची मुदत मागून घ्या. तेवढ्यात शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर बी.एड.चा अर्ज भरा, आणि तो मनापासून भरा.

याचा उपयोग काय, असे ते विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. भातखाचरात पाय घालणाऱ्या माणसाला नागाची भीती समजावून सांगावी लागत नाही. आज सर्पदंशावरील औषध घोड्यांना विष टोचून त्यांच्या रक्तातून तयार होते. २०२० साली भारतीय नागाचा जीनोम प्रसिद्ध झाला. त्याची ३८ गुणसूत्रे नीट जुळवली गेली, विषाशी संबंधित १३९ जनुके सापडली आणि त्यांतील १९ केवळ विषग्रंथीतच काम करतात, असे दिसले. नेमक्या त्याच विषांवर प्रयोगशाळेत प्रतिपिंडे तयार करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली आहे. भेकराच्या गुणसूत्रांचा असा थेट उपयोग मी दाखवू शकत नाही आणि तसा आव आणणार नाही. पण गुणसूत्रे तुटणे व जोडली जाणे हेच माणसाच्या कित्येक कर्करोगांतही घडते, आणि ते निरोगी प्राण्यात कसे निभावले जाते, हे भेकरात पाहता येते.

एक सूचना राहिली. या सगळ्याच्या उत्साहात जंगलातून काहीही उचलून आणू नका: ना कात, ना शिंग, ना मेलेले वटवाघूळ. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय नमुना घेणे गुन्हा आहे, शास्त्रासाठी घेतला तरीही, आणि परवानगी मिळायला कित्येक महिने लागतात. आत्ता तुम्हाला नमुन्याची गरजही नाही. सात प्राण्यांचे अनुक्रम संग्रहात आधीच आहेत. त्यांचे झाड, हाताने मोजलेल्या फरकांचा कागद आणि प्रत्येक अनुक्रमाचा संग्रहातील क्रमांक दिवाळीच्या सुट्टीत मला पाठवा. गवा कुठे बसला आणि का, हे दोन ओळींत मराठीत लिहून पाठवा. पुढचे बोलणे आपण तिथून सुरू करू.